आधी दोरी मोजा, मग कपाट

पत्र: मी भांडुपला राहते. वन बीएचके, कार्पेट ३९० चौरस फूट, चौथा मजला. सातवा महिना सुरू आहे, तारीख जुलैच्या मध्याची दिली आहे. घरात मी, नवरा आणि सासूबाई. नणंदेने तिच्या दोन मुलांचे कपडे तीन मोठ्या पिशव्या भरून पाठवलेत. चाळीसेक झबली, दुपटी, स्वेटर, कुंच्या, आणि सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास. शिवाय एक भलीमोठी बाबागाडी, आंघोळीचा टब, आणि गावाहून लाकडी पाळणा येऊ घातलाय. बेडरूमची पश्चिमेकडची भिंत पावसात ओल धरते. नवरा म्हणतो, बेडच्या वर सुताराकडून भिंतीला कपाटं करून घेऊ आणि अर्धी खोली बाळाची करू. सासूबाई म्हणतात, बाळ येईपर्यंत घरात नवीन काही आणायचं नाही. मोबाइलवर पाहिलेल्या नर्सऱ्या डोळ्यांपुढे आहेत आणि घरात हा पसारा. कुठून सुरुवात करू?

उत्तर:

नमस्कार ताई,

पत्र मे महिन्यात आलं हे बरं झालं. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून. म्हणजे कडक उन्हाचे जेमतेम चार आठवडे तुमच्या हाताशी आहेत, आणि जे काम उन्हाशिवाय होत नाही ते सगळं याच दिवसांत उरकायला हवं. कपाट लावणं, टोपल्या, लेबलं हे जूनमध्ये पंख्याखाली बसून करता येईल.

तेव्हा आधी डांबरगोळ्यांचं बघू. त्या पिशव्या बेडरूममध्ये असतील तर आजच बाहेर काढा. या गोळ्या बहुतेक नॅफ्थलीनच्या असतात. त्याची वाफ कापडात मुरते आणि तो कपडा अंगात घातला की श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जाते. काही बाळांना जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतःच कमतरता असते, मुलग्यांमध्ये ती जास्त दिसते. अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू लागतात, कावीळ वाढते आणि रक्त झपाट्याने कमी होतं. बाळाकडे बघून ही कमतरता ओळखू येत नाही. त्यात आपल्याकडे बाळाला रोज तेल लावतात, आणि तेल लावलेल्या त्वचेतून नॅफ्थलीन अधिकच सहज आत जातं. नणंदेची दोन्ही मुलं याच गोळ्यांतल्या कपड्यांत धडधाकट वाढली असतील, पण त्यावरून तुमच्या बाळाचं काही ठरत नाही.

वास घालवायचा तो असा. गोळ्या, त्यांचा चुरा, कागद, पिशव्या सगळं फेकून द्या. कपडे उलटे करून, एकेक सुटा, तीन-चार दिवस गच्चीवर उन्हावाऱ्यात घाला. ढीग करून उन्हात ठेवलेल्या कपड्यांचा फक्त वरचा थर सुटतो. मग कोमट पाण्यात साध्या पावडरने धुवा, दोनदा खळबळून काढा आणि पुन्हा वाळवा. आता परीक्षा: दोन-तीन कपडे स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावा आणि सकाळी झाकण उघडताक्षणी वास घ्या. मोकळ्या हवेत नाकाला न जाणवणारा वास बंद डब्यात रात्रभरात साचतो आणि लगेच कळतो. वास आला तर पुन्हा ऊन, पुन्हा धुणं. जंतुनाशक औषध किंवा सुगंधी लिक्विड पाण्यात टाकू नका, त्याने वास झाकला जातो, नॅफ्थलीन तिथेच राहतं. सुती झबली आणि दुपटी दोन धुण्यांत साफ होतात. लोकरी स्वेटर आणि कापूस भरलेल्या दुलया मात्र वास सोडता सोडत नाहीत, त्या सरळ बाजूला करा. हे सगळं काम नवऱ्याकडे द्या. सातव्या महिन्यात त्या वासात उभं राहणं तुमच्यासाठीही बरं नाही.

गोळ्यांऐवजी कापूर ठेवतात, तोही बाळाच्या कपड्यांत नको. धुवून नीट वाळवलेल्या सुती कपड्यांना सहा महिन्यांत कसर लागत नाही, त्यामुळे काहीच ठेवलं नाही तरी चालतं.

आता मुद्द्याचं. मुंबईतल्या वन बीएचकेत बाळाचे कपडे किती ठेवायचे हे वाळत घालायच्या जागेवर ठरतं. लोक कपाटाचे खण मोजतात आणि जुलैत हॉलभर ओले लंगोट लटकतात. छताला सहा पाइपची पुली आहे असं धरू, पाच-पाच फुटी पाइप, म्हणजे दीडशे सेंटिमीटर. ५५ सेंटिमीटरचे चौकोनी लंगोट एकमेकांवर न येता घातले तर एका पाइपवर दोन बसतात आणि उरलेल्या जागेत एक झबलं. सहा पाइप मिळून १२ लंगोट आणि ६ झबली. हे झालं बाळाचं एका दिवसाचं धुणं. दुपटी, टॉवेल, घरातल्या तिघांचे कपडे अजून बादलीतच आहेत. आणि पावसात बंद खोलीत पंख्याखाली सुती कापड वाळायला दीड ते दोन दिवस लागतात, म्हणजे उद्याचं धुणं येईल तेव्हा आजचं पाइपवरच असेल.

म्हणून हिशेब असा करा: दिवसाला लागणारे नग, गुणिले वाळायला लागणारे दिवस अधिक एक. रात्री आणि बाहेर जाताना डायपर, बाकी दिवसभर लंगोट असं धरलं तर रोज १२ लंगोट लागतात. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस, म्हणून १२ गुणिले ३, छत्तीस. झबली रोज ५, म्हणून १५. दुपटी रोज ४, म्हणून १२. टोपडी तीन, मोज्यांचे तीन जोड, आंघोळीनंतरचे मऊ पंचे चार. एवढं बाहेर ठेवा. नणंदेच्या चाळीस झबल्यांतली पंचवीस या घडीला तुमची नाहीत. ती बाहेर ठेवली तर रोज धुण्याला थोडी थोडी जास्त पडत जातील, कारण हाताशी आहे म्हणून बदललं जातं.

पुलीशिवाय एक घडीचं स्टँड लागेलच. ते हॉलमध्ये पंख्याच्या बरोबर खाली ठेवा, भिंतीला टेकवून नको. स्वयंपाकघरात वाळत घालणं टाळा, फोडणीचा वास लंगोटात बसतो तो निघत नाही.

लंगोट विकत आणू नका, असंही सांगू. घरातली एक जुनी, धुवून धुवून मऊ झालेली सुती साडी काढा. साडेपाच मीटर लांब, पन्हा ११० ते ११५ सेंटिमीटर. आडवे दोन, उभे दहा, असे ५५ सेंटिमीटरचे वीस लंगोट निघतात. पदर सोडला तर सोळा. काठ जरीचा असेल तर काठ कापा आणि लंगोट ५० सेंटिमीटरचे करा, जरीचा काठ बाळाच्या मांडीला घासतो. अशा दोन साड्या आणि घरातलं एखादं धोतर म्हणजे छत्तीसचा हिशेब पुरा झाला. साडी सासूबाईंचीच घ्या, म्हणजे 'नवीन काही आणायचं नाही' हा त्यांचा आग्रहही राहतो आणि शिवायला त्यांचा हातही लागतो. आणखी मऊ कापड हवंच असेल तर मंगलदास मार्केटात मलमल मीटरवर मिळते. त्या आग्रहावरून घरात वाद घालायचं कारण तसंही नाही. तुमच्या यादीतल्या निम्म्या वस्तू बाळ झाल्यावरच ठरवायच्या आहेत, आणि रानडे रोडवरची दुकानं काही जुलैत बंद होत नाहीत.

कडा ओव्हरलॉक करून घ्या किंवा बारीक दुमडून शिवा. सुटा धागा राहू देऊ नका. मोजे आणि हातमोजे तर उलटे करून आतून तपासायचेच, नवे असोत की जुने. आतला लोंबता धागा किंवा आईचा एखादा लांब केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, हालचालीने आवळत जातो आणि बोटाचा रक्तपुरवठा थांबतो. बाळ रडत राहतं आणि वरून काहीच दिसत नाही. बोटं मोकळी असलेली बरी, हातमोजे फक्त नखं कापायची राहिली असतील तेवढ्यापुरते.

कपडे वेगळे करताना लेबलावर जाऊ नका. '०–३ महिने' लिहिलेले दोन कंपन्यांचे कपडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि नणंदेकडचे तर दोन मुलांच्या धुण्यातून आटलेले. सगळे कपडे धुऊन झाल्यावर पलंगावर पसरा. ज्याची मापं सेंटिमीटरमध्ये लिहिलेली आहेत असा एखादा कपडा नमुन्याला घ्या: ५६ म्हणजे साधारण पहिले एक-दोन महिने, ६२ म्हणजे तीन महिन्यांपर्यंत, ६८ म्हणजे सहापर्यंत. बाकीचा प्रत्येक कपडा त्यावर खांद्याला खांदा लावून ठेवा आणि गठ्ठ्यात टाका. असा कपडा नसेल तर मापपट्टी घ्या आणि बगलेखालची रुंदी मोजा, एकसारख्या रुंदीचे एकत्र.

बाळाचं वजन पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण २५ ते ३० ग्रॅमने वाढतं. सुरुवातीला थोडं उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर येतं. म्हणजे तीन किलोचं बाळ दोन महिन्यांचं होईतो सव्वाचार-साडेचारच्या घरात. सगळ्यात लहान आकाराचे कपडे पाच-सहा आठवड्यांत बाद होतात, त्यांचा साठा करण्यात काही अर्थ नाही. डायपरचंही तसंच. नवजात आकार ५ किलोपर्यंत चालतो, त्याचा एकच लहान पुडा. पुढचा ४ ते ८ किलोचा. एकावर एक फुकट म्हणून चार पुडे आणाल तर पावसाळ्यात उघडा पुडा हवेतली ओल पितो. ओल शोषणं हेच तर त्यातल्या पावडरचं काम.

गठ्ठे झाले की प्रत्येकावर महिना लिहा. जुलैत जन्मलेलं बाळ ६८ आकारात ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत असेल. ऑक्टोबरचा उकाडा आणि मग मुंबईतली नावापुरती थंडी. पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, पायमोज्यांसकट असलेले रोंपर, लोकरी सेट या आकारात ढीगभर असतील तर ते या बाळाच्या वाट्याला येणारच नाहीत, ते लगेच दुसरीकडे देता येतील. एखादा स्वेटर पुण्या-साताऱ्याच्या फेरीसाठी राहू द्या. आणि काळ्या रंगाचं झबलं किंवा फ्रॉक दिसला तर तो देऊन टाकू नका! संक्रांतीला बाळ सहा महिन्यांचं असेल, बोरन्हाणाला रथसप्तमीपर्यंत कधीही लागेल. आकार थोडा मोठा असला तरी चालतो, हलव्याचे दागिने वरून बांधायचेच असतात. तेवढ्यासाठी जानेवारीत काळा कपडा शोधत दादर पालथं घालायची वेळ बऱ्याच जणींवर येते.

आता कपाट. सुताराचा बेत पुढे ढकला. एक तर बेडच्या डोक्यावर, जिथे बाळ आणि बाळंतीण झोपणार, तिथे सामानाने भरलेलं काही लटकायला नको. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या असतात. साधी गिट्टी ठोकून मारलेला स्क्रू त्यात फार काळ वजन धरत नाही, भोक मोठं होत जातं आणि एक दिवस कपाट खाली येतं. ओलीच्या भिंतीवर तर प्लायही फुगतो. शिवाय नव्या प्लायचा, फेविकॉलचा आणि पॉलिशचा वास खोलीत आठवडेच्या आठवडे राहतो. बाळंतपणाला दोन महिने उरलेले असताना पावसात खिडक्या लावून त्या वासात झोपायचं कशाला?

घरातलं स्टीलचं कपाट पुरतं. त्यातला एक खण बाळाचा, तो कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीचा. सिझेरियन झालं तर काही आठवडे वाकणं आणि वर हात ताणणं दोन्ही नकोसं होतं, आणि नॉर्मल झालं तरी बाळ एका हातावर असतं. खण साधारण तीन फूट रुंद, दीड फूट खोल. खोली हाच त्याचा घोटाळा. घडी केलेलं झबलं सहा इंचाचं, त्यामुळे एकामागे एक तीन रांगा लागतात आणि मागच्या दोन रांगा कधीच हाती येत नाहीत. उपाय स्वस्त आहे: जाळीच्या प्लास्टिकच्या तीन लांबट टोपल्या, ड्रॉवरसारख्या बाहेर ओढता येतील अशा. घरात फळांच्या, कांद्याच्या टोपल्या असतील तर त्याही धुवून चालतात. एकीत लंगोट, एकीत झबली, एकीत दुपटी आणि पंचे. जाळीच हवी, बंद डबा नको, हवा खेळली पाहिजे. आणि टोपली तीन-चतुर्थांशच भरायची.

झबल्याची घडी अशी: झबलं सपाट पसरा, बंद आत वळवून घ्या, म्हणजे ते शेजारच्या झबल्यात अडकत नाहीत. दोन्ही बाह्या आत. उभी मध्यावर एक घडी, मग खालून वर तीन घड्या. तयार होणारी छोटी चौकट टोपलीत आडवी न रचता उभी ठेवा, वहीच्या पानांसारखी. एक ओढलं की बाकीची ढासळत नाहीत आणि कुठलं संपत आलंय ते वरून दिसतं. लंगोट मात्र आधीच त्रिकोणात दुमडून रचा. रात्री तीन वाजता, झोपेत, मंद दिव्यात चौकोनाचा त्रिकोण करायला कंटाळा येतो.

नाड्या-बंदांची झबली नवजात बाळाला उत्तम, डोक्यातून घालायचे कपडे पहिल्या महिन्यात त्रासाचे. टिचबटणं असतील तर प्रत्येक ओढून पाहा. सैल बटण निघालं की ते तोंडात जातं. जुन्या कपड्यांवर शिवलेले मणी, टिकल्या, घुंगरं काढून टाका. गळ्याभोवतीच्या लांब नाड्याही.

खणात खाली वर्तमानपत्र घालू नका, ओलीने शाई उतरते. तपकिरी कागद घाला आणि पावसात महिन्यातून एकदा बदला. कपाट पश्चिमेच्या भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं पुढे ओढा. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती आधी भिजतात, आणि मागे हवा नसली की कपाटाच्या पाठीला आधी गंज आणि मग कुबट वास धरतो. पुढे ओढलेलं कपाट वरच्या बाजूला एल-पट्टीने भिंतीला आवळून घ्या. आता नाही, पण वर्षभरात त्याला धरून कोणीतरी उभं राहणार आहे.

ओल शोषणारे जे डबे बाजारात मिळतात त्यांच्या तळाशी खारट पाणी साचतं. तो डबा वरच्या फळीवर ठेवला आणि कलंडला तर खालचे कपडे गेले. ठेवायचाच तर सगळ्यात खाली, बाळाच्या खणात नाही. बुटांच्या खोक्यांतल्या सिलिकाच्या पुड्याही झबल्यांमध्ये टाकू नका, त्या घडीबरोबर सहज पलंगावर येतात.

पावसातला सगळा खेळ एका गोष्टीवर आहे: कपाटात जाणारा कपडा खरोखर कोरडा हवा. हाताच्या तळव्याला कापड कोरडंच वाटतं. शिवण आणि इलॅस्टिक शेवटी वाळतं, म्हणून तेवढाच भाग ओठांवर किंवा गालावर टेकवून पाहा. गार लागला तर अजून ओल आहे. मग इस्त्री फिरवा, आणि इस्त्री केलेला कपडा लगेच घडी करून टोपलीत ठेवू नका. त्यातली वाफ घडीत अडकते आणि दोन दिवसांनी काळे ठिपके दिसतात. खुर्चीवर पसरून निवू द्या. काळे ठिपके पडलेला लंगोट फेकून द्या, उकळून वगैरे वापरू नका, जुन्या साडीचा तुकडाच तो. फॅब्रिक सॉफ्टनरही लंगोटांना नको, कापड मऊ होतं पण पाणी शोषेनासं होतं. तेलाचंही तेच. मालिशवाल्या बाई येणार असतील तर त्यांच्यासाठी दोन दुपटी आणि दोन पंचे वेगळे नेमून द्या, त्यांची बादलीही वेगळी. तेलाचे कपडे लंगोटांबरोबर भिजवले की सगळे लंगोट हळूहळू तेलकट होतात.

खोलीत 'नर्सरी' म्हणून एकच गोष्ट करा: एक फिरती टोपली. पकडायला कडी असलेली, त्यात ६ लंगोट, २ झबली, २ दुपटी, मेणकापडाचा तुकडा, कापूस, झाकणाची लहान वाटी आणि ओल्या लंगोटांसाठी पिशवी. दिवसा हॉलमध्ये, रात्री पलंगापाशी. बदलायचं ते पलंगावर किंवा सतरंजीवर. उंच टेबल घेऊन जागा अडवू नका, आणि त्यावरून बाळ पडायची धास्तीही नको. ही टोपली रोज संध्याकाळी भरायचं काम एकाच माणसाचं असावं, नाहीतर कोणीच भरत नाही. औषधं, बाम, ड्रॉप्स यात ठेवू नका, त्यांची जागा वर, वेगळी.

झोपायच्या जागी कपड्यांचा साठा नको. टणक, सपाट गादी, त्यावर घट्ट बसवलेली चादर, बाळ पाठीवर, बस. भोवती उशा, लोडाची तटबंदी, मऊ खेळणी, दुलईची गुंडाळी यांनी श्वास कोंडण्याचा धोका असतो. मोहरीच्या उशीचा आग्रह होईल, तीही झोपताना नकोच. घरात झोपवताना टोपडंही काढा, मुंबईच्या दमट हवेत बाळ तापतं. वजन कमी असेल आणि डॉक्टरांनी टोपडं घालायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. मच्छरदाणी मात्र हवी, जुलै-ऑगस्ट म्हणजे डेंग्यू-मलेरियाचे दिवस. छत्रीसारखी उघडणारी घ्या, पण जाळी बाळाच्या हातापायाला टेकणार नाही एवढी मोठी. टेकली की डास जाळीतूनच चावतो.

पाळणा येईल तेव्हा तीन गोष्टी बघा. दांड्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. लाकडातून भुसा पडत असेल तर कीड आहे. आणि रंग. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. जुना रंग निघत असेल तर घरात घासायला घेऊ नका, ती धूळ तुमच्यासाठी आणि बाळासाठी दोघांसाठीही वाईट. तसा पाळणा बारशाला फुलांनी सजवायला ठेवा, रोज झोपवायला नको. आणि तो पंख्याच्या हुकाला किंवा पीओपीच्या छताला टांगायचा नाही.

बाबागाडी परत पाठवा. नवजात बाळाला बसवता येत नाही, पाठ पूर्ण आडवी होणारी नसेल तर पहिले काही महिने ती नुसती उभी राहील. उभी राहील तीही पॅसेजमध्ये, आणि जिना-पॅसेज मोकळा ठेवणं आगीच्या वेळी जीव वाचवणारं असतं, त्यामुळे सोसायटी नोटीस देईल ते बरोबरच. दाराच्या मागे ठेवली तर पावसात तिच्या कापडाला बुरशी धरेल. सहा महिन्यांनी लागलीच तर लिफ्टचं दार मोजून, घडी होणारी, दिवाणाखाली सरकेल अशी घ्या. टब ठेवा, पण वापरून झाला की लगेच पालथा किंवा खिळ्याला टांगलेला. त्यात बोटभर पाणीही शिल्लक नको, डासांची अंडी त्यातच होतात आणि पुढे रांगणाऱ्या बाळाला तेवढं पाणीही धोक्याचं.

लहान झालेल्या कपड्यांसाठी आजपासूनच कपाटाच्या तळाशी एक पिशवी ठेवा. घट्ट बसणारा कपडा अंगातून काढला की तो पुन्हा टोपलीत न जाता तिच्यात जाईल. धुतल्याशिवाय मात्र साठवू नका, दुधाचे न दिसणारे डाग काही महिन्यांत पिवळे पडतात आणि मग निघत नाहीत. हवाबंद डब्यात भरायचे ते पावसाळ्यात नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस तापवून, निववून, मग भरा. बाहेर वजन आणि महिना लिहा.

राहता राहिली हॉस्पिटलची बॅग. जुलैच्या मध्यात भांडुपहून निघायचं म्हणजे वाटेत पाणी साचलेलं असू शकतं, तेव्हा पाणी आत न जाणारी बॅग घ्या. आत बाळाचा एकेक पूर्ण जोड, म्हणजे झबलं, दोन लंगोट, दुपटं, वेगवेगळ्या झिप पिशवीत: असे आठ जोड, आणि सुटे दहा लंगोट आणि तिन्ही टोपडी. सिझेरियन झालं तर चार-पाच दिवस मुक्काम होईल, त्यासाठी आणखी चार जोड घरी टोपलीत तयार ठेवून कोणता खण ते नवऱ्याला आधीच दाखवून ठेवा.